ताऱ्यापायी लावलेलं दार

पोरगी हलंना. मी तिचा हात उचलला आन् सोडला, तर त्यो तसाच गोधडीवर पडला. गाल मातुर लाल हुतं, म्हनून आधी मला वाटलं झोपलीया, आन् त्यातच माझा येळ गेला. पाच दिसाची पोर. तिच्या नाकाशी बोट धरलं तर वारा लागतोय का न्हाई तेच कळंना, कारण माझंच डोकं असं जड झालेलं का खोली फिरत हुती. उठाय गेले तर पाय न्हाईतच जणू. सासू, म्हंजी आमच्या आत्या, पलीकडं पडल्या हुत्या, त्यांना हलवलं तर त्या नुसत्या "हूं" करायच्या आन् परत गप. मी पोरीला तशीच ठिवून दाराकडं सरकत गेले, कडी काढली. गार वारा तोंडावर आला. दिव्याचा उजेड बाहेर माळावर पडला, लांब, पार बाभळीपतुर. आन् वरच्या शेडातनं मालक, म्हंजी माझं घरधनी, वरडलं, "दार लाव. उजेड दिसतोय."

मी दार लावलं.

आता हे मागनं पुढनं सांगाय पायजेल, न्हाईतर तुम्हाला वाटंल बाई यडी हाय.

माझं माहेर दौंडचं, शिकले सातवीपतुर, मंग लगीन झालं आन् मी कवठे येमाईच्या वरच्या माळावर आले. माळावर पत्र्याची एक शेड हुती, तिचं छप्पर चाकावरनं बाजूला सरकायचं, आत मोठी दुर्बीण. पुण्याची शिकलेली माणसं यायची तारं बघाया. मालक तिथं राखणीला, आन् चाळीस-पन्नास पावलं खाली आमची एक खोली. थंडीत एक मॅडम यायच्या धा-पंधरा दिस. लई शांत बाई. मला वहिनी म्हणायच्या, माझ्या हातची बाजरीची भाकर मागून घ्यायच्या.

त्यांचा एकच तारा ठरलेला. श्वेत बटू म्हणायच्या त्याला, म्हंजी पांढरा बुटका. मी इचारलं, येवढ्या चांदण्या सोडून हाच का? तर त्यांनी आमच्या अंगणातल्या शेगडीकडं बोट केलं. म्हणल्या, "वहिनी, जाळ संपला की निखारा उरतो ना? त्यात नवीन जळत नाही फारसं, नुसता गार होत जातो. हा तसाच. मेलेल्या ताऱ्याचा निखारा. आकारानं आपल्या पृथ्वीएवढा, पण वजन सूर्यासारखं." आन् त्यो निखारा म्हणं दर काही मिनटाला जरासा उजळतो, जरासा मंदावतो. मडकं वाजवून आपण आतनं पक्कं का फुटकं बघतो, तसं त्या उजळण्यावरनं त्याच्या पोटात काय हाय ते ह्यांना कळतं. मोजणी तुटली न्हाई पायजेल मातुर. इथं तारा मावळला का परदेशात दुसरं कोणीतरी मोजाय बसायचं, म्हंजी माळ कशी, मणी मागं मणी.

म्हनून उजेड चालत न्हवता. अंधार पडला का आमच्या खिडकीला खताची गोणी.

त्या साली बाळंतपण माहेरी न्हाई जमलं, आईच्या डोळ्याचं आपरेशन झालं हुतं. शिरूरला दवाखान्यात पोरगी झाली, तिसऱ्या दिशी आम्ही माळावर आलो. थंडी मरणाची. आन् पाचवी आली. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, सटवाईपुढं कोरा कागद आन् पेन ठिवायचा, ती राती येऊन पोराच्या कपाळी लिहिती. दिवा रातभर तेवता पायजेल, इझला न्हाई पायजेल.

आत्या मालकाला म्हणल्या, "बाळंतिणीला अंधारात ठिवू म्हणतोस? कशापायी, तर इझलेल्या चांदणीपायी."

मालक म्हणलं, "आये, इझली न्हाई ती, गार हुतीया."

"मंग फुकणी घेऊन जा की वर, फुक तिला."

मी हसले, टाकं दुखलं. मॅडम बिचाऱ्या स्वतः आल्या. म्हणल्या, दिवा ठेवा ना, फक्त बाहेर दिसू देऊ नका. सटवाईसाठी कागद पण त्यांनीच दिला, त्यांच्या मशिनचा, एका बाजूला बारीक चौकोन आखलेलं, दुसरी बाजू कोरी. चौकोनावर शाईची रेघ वरखाली गेलेली. "ही त्याच्या उजेडाची रेघ," म्हणल्या, "एक चौकोन म्हणजे दहा सेकंद."

आत्यांनी मनावर घेतलं. खिडकीला दोन गोण्या, दाराच्या फटीत चिंध्या, पत्र्याखालच्या भोकात जुनं लुगडं कोंबलं. बाहेरनं बघून मालक म्हणलं, "टाचणीएवढा बी उजेड न्हाई." आन् बाजंखाली शेगडी, बाळंतिणीच्या शेकाची, कोळशानं भरलेली. शेगडी तर सगळ्याच बाळंतिणीला असती, माझ्या आईला हुती, आत्याला हुती. पर त्यांच्या घराच्या फटी कुणी बुजवल्या न्हवत्या. ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं न्हाई, मॅडमच्या बी न्हाई, आन् त्या येवढ्या शिकलेल्या. त्यांना कोळसा आत हाय हेच ठावं न्हवतं.

तर मी दार लावलं.

का लावलं? मालक वरडलं म्हनून. रोज वरडायचं, रोज मी लावायची, हात आपुआप गेला. मंग दाराला पाठ लावून बसले. पोरगी समोर. मला कळत हुतं का दार उघडाय पायजेल, आन् हे बी कळत हुतं का दिवा हाय तंवर उघडता येत न्हाई, आन् दिवा इझवला तर सटवाई येऊन अंधारात काय लिहील. हाक मारावी तर तोंडातनं आवाज निघंना. त्या शेगडीतलं निखारं बघत बसले मी. जाळ न्हाई, धूर न्हाई, नुसतं लालभडक शांत. किती येळ बसले ते मला आजबी सांगता येत न्हाई. डुलकी लागली का काय ते बी न्हाई.

मंग मी सरकत गेले आन् दिवा तोंडानं फुकला. दिवा तोंडानं फुकत न्हाईत. मी फुकला. पोरीला पदरात वढली, दार उघडलं आन् तिला घेऊन उंबऱ्याच्या भाईर आडवी झाले.

अंधारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला तवा मालक बॅटरी लावून पळत आलं. मागनं मॅडम, अनवाणी, दुर्बीण तशीच सोडून. मॅडमनी पोरीला पालथी घेतली, पाठ चोळली, तळपाय चोळलं. लई येळानं पोरगी मांजरावानी बारीक रडली. आत्यांना दोघांनी वढून भाईर काढलं, त्या वकल्या. मॅडमच्या जीपनं शिरूर गाठलं. डॉक्टर म्हणलं, कोळशाचा वायू, त्याला वास नसतो, अजून जरा येळ गेला असता तर तिघी गेल्या असत्या.

आत्या शुद्धीवर आल्या आन् पैलं इचारलं, "दिवा कुणी इझवला?"

माळ सोडून पुण्याला जायच्या दिशी मॅडम आमच्या घरी आल्या. लांब कागदाची घडी माझ्या हातात दिली आन् रडल्या. त्या रातची रेघ हुती. म्हणल्या, ह्यात दोन ठिकाणी रेघ काट्यावानी एकदम वर गेलीया. पैला काटा मी दार उघडलं त्यो उजेड. दुसरा मालकाच्या बॅटरीचा. मधी ताऱ्याची रेघ बिनधोक चाललीया, वर, खाली, वर, कुठं धक्का न्हाई. "तेवढा वेळ दार बंद होतं, वहिनी. कधी डॉक्टरांनी विचारलं तर हे दाखवा."

आता पोरगी तीन वर्साची हाय. उशिरा बसली, उशिरा चालली, अजून आई म्हणत न्हाई. मी दौंडला घेऊन आलीया, हितले डॉक्टर चांगले हायेत म्हणत्यात. त्यांनी मागचं समदं इचारलं. मी सांगितलं. ते म्हणले, "पहिल्यांदा दार उघडल्यानंतर परत किती वेळ बंद होतं? दोन मिनिटं का वीस मिनिटं, ते आम्हाला कळलं पाहिजे. सोमवारी सांगा."

मालक बी संगट आल्यात, त्यांना इचारलं. ते म्हणलं, "लगीच तर उघडलंस तू. लगीच." आन् भाईर निघून गेलं. दार लाव म्हणणारं ते, लावणारी मी.

कागद हितंच ट्रंकंत हाय, लुगड्याच्या घडीत. मोजता येतंय मला, सातवी झालीया. एका काट्यावर बोट ठिवायचं, चौकोन मोजत दुसऱ्या काट्यापतुर जायाचं, धानं गुणायचं. उद्या सोमवार हाय. पोरगी माझ्या मांडीवर हाय, ट्रंकंच्या कडीशी खेळतीया, टक टक वाजवतीया.

तुम्ही असता तर मोजलं असतं का? आन् त्या राती, "दार लाव" म्हणल्यावर, तुम्ही काय केलं असतं?