गुळव्याचं नाक

"ताई, नाकात टाकायचे थेंब द्या. दोनच बाटल्या द्या."

"बाटली नाही मिळणार, मामा."

सोपानमामा काउंटरला रेलून तोंडाने श्वास घेत होते. यवतला माझं मेडिकल आहे. हिवाळ्यात सकाळी शटर वर केलं की धुक्याबरोबर गुऱ्हाळांचा गोड वास आत येतो. मग बराच वेळ माझं चित्त थाऱ्यावर नसतं. त्यातलं एक गुऱ्हाळ मामांच्या भरवशावर चालतं. ते गुळव्या. उसाचा रस ज्या भल्यामोठ्या कढईत उकळतो ती काहील, आणि ती चुलीवरून नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या सांगतो. मामा पाक पाण्यात टाकून चाचपायचे, पण खरा विश्वास वासावर.

तो वासच गेला होता.

"दोन काहिली करपल्या. मालक म्हनतो, दुसरा गुळव्या बघतो. ह्या वयात मला कोन ठेवनार?"

मला गलबलून आलं. पण थेंब दिले नाहीत. दिवाळीपासून ते या ना त्या दुकानातून थेंब नेत होते. या थेंबांनी नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाक झटकन मोकळं होतं. तीन-चार दिवस ठीक आहे. पुढे मात्र असर उतरला की नाक जास्तच चोंदतं, आणि माणूस पुन्हा थेंब टाकतो. सर्दी कधीच गेलेली असते.

मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. थेंब बंद झाले, नाकात मारायचा रोजचा स्प्रे सुरू झाला. काही दिवसांनी मामा तणतणत आले.

"काय उपेग न्हाई ह्याचा. नुसतं कडू लागतंय."

"मारून दाखवा बरं."

मामांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि काहिलीवर वाकल्यासारखा लांबलचक श्वास ओढला. चेहरा इतका शांत झाला, की क्षणभर मीही त्या गोड वाफेत जाऊन उभी राहिले. मग त्यांनी तोंड वाकडं केलं. औषध घशात उतरलं होतं.

"मामा, तुम्ही वास घेताय! औषधाला नाकातच थांबू द्या. बाटली हलवा. मान जरा खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचं, टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या बाजूला. श्वास अगदी हलका. टोक पुसून ठेवा, आणि बाटली घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"आन् वास कवा यील?"

"हा हळू काम करतो. रोज मारा, आठ-पंधरा दिवस धीर धरा."

"मालक धरल का?"

मालक बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. गोळ्या देताना मी विषय काढला. ते "बघू" म्हणाले. दुसरा गुळव्या काही आला नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी गुऱ्हाळावर गेले. सगळीकडे वाफ, वाफेत तिरकं ऊन, आणि मधोमध डोळे मिटलेले मामा. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे.

"उतरवा!" मामा ओरडले. मालक स्वतः हात लावायला धावले.

मामांनी कोमट गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

"वास कसा हाय?"

"छान आहे."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "ताई, नाक बंद हाय तुमचं."

"कालपासून."

"थेंब टाकले व्हय?"

मी हातातला खडा उलटापालटा केला.

"तीन-चार दिसाच्या वर टाकू नका म्हंजी झालं."

काउंटरच्या आत उभं राहणाऱ्यालाही नाक असतं, एवढं ध्यानात ठेवावं. मी खडा तोंडात टाकला. गोड होता, इतकंच कळलं.