आक्कांची शाकाहारी मांजरं

कुठल्याही जिवाला शांतपणे समजावून सांगितलं की तो सुधारतो, यावर आमच्या शेजारच्या आक्कांइतका अढळ विश्वास असलेलं माणूस अख्ख्या बेळगावात सापडायचं नाही. मी तिथल्या अनगोळ भागात राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला चपला कशा काढाव्यात ते शिकवलं. टाचा भिंतीकडं, बोटं रस्त्याकडं. 'उठून जाताना चप्पल शोधत फिरणारा माणूस आयुष्यभर फिरतच राहतोय,' असं त्या म्हणाल्या, आणि सत्तेचाळिशीला आलेला मी मुकाट्यानं खाली वाकून चपला फिरवल्या. गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा रिक्षावाला त्यांच्या दारावरून जाताना गुटखा गालात दडवायचा. दूधवाल्यानं शिट्टी सोडून दिली होती. समोरच्या घरातली नवी सून पदर खोचून भांडायला निघाली तर आक्का फाटकात उभ्या राहून नुसतं 'गं पोरी' म्हणायच्या, की ती माघारी फिरायची. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारातले त्यांचे यजमान वारले, मुलगा बेंगळूरला स्थायिक झाला, आणि आक्का त्यानं बांधून ठेवलेल्या या घरात एकट्या येऊन राहिल्या. एकट्या म्हणजे तीन मांजरांसह.

ही तीन मांजरं म्हणजे त्यांच्या सुधारणेच्या कार्याचा कळस. आक्का जैन. दिवस बुडाल्यावर पाण्याशिवाय काही घेत नसत, तेही उकळून गार केलेलं. कांदा-लसूण तर सोडाच, बटाटासुद्धा त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता. मांजरांचंही तेच. सकाळी दूधभात, दुपारी तूप लावून कुस्करलेली भाकरी, आणि संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. 'माझी मांजरं शाकाहारी हाईत,' असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की समोरच्याला शंका काढायची लाज वाटावी. मांजरांशी त्या कन्नडात बोलायच्या. प्रेमाचं सगळं कन्नडात आणि भांडणाचं सगळं मराठीत, अशी त्यांनी भाषांची वाटणी केली होती. तिघांतला थोरला बोका राखी अंगाचा, छातीवर पांढरा डाग असलेला, पेढीवर बसल्यासारखा पुढचे पाय जुळवून बसायचा. म्हणून त्याचं नाव मुनीम. दूधभातावर वाढलेल्या मुनीमचे दंड बघून मला कधीकधी आश्चर्य वाटायचं, पण मी बोलत नसे. मला तिथंच राहायचं होतं.

बोलायचे ते सुभेदार. माझ्या डाव्या हाताला आक्का, उजव्या हाताला सुभेदार, आणि दोघांमधलं प्रत्येक भांडण माझ्या अंगणावरून जायचं. फौजेतून निवृत्त झालेला हा उंच, ताठ माणूस रविवारी मटण शिजवायचा आणि त्या वासासरशी आक्कांच्या खिडक्या एकामागून एक धाडधाड मिटायच्या. पण याच माणसानं परसात चिकू, जास्वंद आणि मधुमालतीचं असं रान माजवलं होतं की पहाटे तिथं पाखरांचा बाजार भरायचा. बुलबुल, शिंजीर, आणि भिंतीवर टांगलेल्या फुटक्या मडक्यात दयाळ पक्ष्यांचं एक जोडपं. दयाळाचा नर चिकूच्या शेंड्यावर बसून गायला लागला की सुभेदार चहाचा कप तसाच हातात धरून उभे राहायचे. गाणं संपेपर्यंत घोट घ्यायचा नाही. 'मी मटण खातो ते खातो,' मला ते एकदा म्हणाले, 'पण जे माझ्या भरवशावर घर बांधतंय त्याला मी मारू देणार न्हाय.'

उन्हाळ्यात मडक्यातून पिल्लांचा आवाज येऊ लागला आणि गल्लीतलं वातावरण बिघडलं. मुनीम माझ्या भिंतीवर येऊन बसायचा. काही करायचा नाही, फक्त बघायचा. सुभेदार पाण्याची नळी घेऊन यायचे.

'आक्का, तुमचं मांजर आवरा.'

'बसलंय नुसतं. बसायलाबी बंदी हाय काय?'

'कशाला बसलंय ते मला बी कळतंय, तुम्हाला बी कळतंय.'

'त्याला पाखरांचं गाणं आवडतंय,' आक्का म्हणाल्या. हे त्या खरंच मानत होत्या. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी वाळत घातलेला टॉवेल पुन्हा वाळत घातला.

दयाळाची पिल्लं उडायला शिकण्याआधीच मडक्याबाहेर पडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिले काही दिवस ती जमिनीवरच टुणटुणत असतात आणि आईबाप वरून ओरडत राहतात. त्या सकाळी ते ओरडणं एकाएकी इतकं वाढलं की मी दात घासता घासता बाहेर आलो. तोवर सगळं संपलं होतं. जास्वंदीखाली पिसं पडली होती आणि मुनीम भिंतीवरून आक्कांच्या अंगणात उतरत होता. सुभेदार आत गेले, स्टीलचं ताट घेऊन आले, त्यात ते एवढंसं पिल्लू ठेवलं आणि रस्त्यानं चालत आक्कांच्या फाटकाशी गेले. आवाज चढवला नाही. मला त्याचीच भीती वाटली.

'बघा,' ते म्हणाले.

आक्कांनी बघितलं. त्यांचा हात पदराकडं गेला. मग मान ताठ करून त्या म्हणाल्या, 'ते घरट्यातून पडून मेलं असंल. मुनीमनं नुसतं हुंगलं असंल. माझं मांजर तसलं न्हाय.'

सुभेदार ताट घेऊन परत गेले. त्यांनी चिकूच्या बुंध्याशी खड्डा काढला, आणि त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं बंद झालं. भांडण होतं तेव्हा निदान आवाज तरी होता. आता माझ्या दोन्ही बाजूंना नुसती शांतता, आणि मध्ये आम्ही नवराबायको हळू आवाजात बोलत राहायचो, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

आणि मग मुनीम नाहीसा झाला.

आक्कांनी आधी गल्ली, मग तळ्याकडची बाजू, मग देवळामागची सगळी आळी पालथी घातली. उन्हात, अनवाणी, 'मुनीम, बारो' अशी हाक मारत. संध्याकाळी आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. मांजर सापडेपर्यंत अन्न घेणार नाही, असं त्यांनी माझ्या बायकोला साध्या आवाजात सांगितलं, जणू उद्या पाहुणे येणार आहेत एवढंच सांगत होत्या. आम्हाला वाटलं, एखाद्या वेळचं असेल. पण दुसऱ्या दिवशीही चूल पेटली नाही. बायकोनं ताक नेलं, ते तसंच परत आलं. त्यानंतर भिंत धरल्याशिवाय त्यांना चालवेना. मी बेंगळूरला मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, 'आईला समजावा हो तुम्हीच.' आक्कांना समजावायचं! मी फोन ठेवला आणि सुभेदारांकडं गेलो.

ते पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं थाळं घासत होते. वर न बघता म्हणाले, 'मारलं न्हाय मी.'

'मी कुठं तसं म्हणालो?'

'कोगनोळीच्या नाक्यापलीकडं सोडून आलोय. व्हॅनमधनं.' थोडं थांबून ते म्हणाले, 'हितं कुठं सोडलं असतं तर दुपारच्याला घरी आलं असतं. म्हटलं, महाराष्ट्रात टाकावं.'

वेळ हसण्याची नव्हती, पण माझ्या तोंडून हसू फुटलंच. आमच्या वडिलांची अख्खी पिढी ज्या हद्दीपलीकडं जाण्यासाठी मोर्चे काढून थकली, तिथं आक्कांचा बोका एका सकाळीत जाऊन पोचला होता. सुभेदार हसले नाहीत. 'खरंच जेवली न्हाय म्हातारी?' त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी थाळं पालथं घातलं, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आक्कांच्या फाटकाशी सावधान उभे राहिले.

'आक्का, मांजर मी नेलंय.'

मला वाटलं, आता गल्ली पेटणार. आक्का भिंतीला धरून उठल्या. 'जिवंत हाय?'

'सोडलं तवा होतं.'

'गाडी काढा,' आक्का म्हणाल्या.

त्या व्हॅनमधला प्रवास मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पुढं सुभेदार आणि मी, मागं आक्का. संकेश्वर मागं पडलं. हमरस्त्यावर ट्रक असे धडाडत जात होते की व्हॅन बाजूला ढकलली जायची, आणि प्रत्येक ट्रकसरशी मला त्या बोक्याचे चार पाय दिसायचे. एके ठिकाणी कडेला राखी रंगाचं काहीतरी चपटं होऊन पडलेलं दिसलं. सुभेदारांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून आक्कांचा श्वास ऐकू आला, नुसता श्वास. जवळ गेल्यावर ते पोत्याचं फडकं निघालं. सुभेदारांनी कपाळ पुसलं. निपाणी आली. ज्या गावात आक्कांनी संसार केला, त्या गावाकडं त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही.

कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. पलीकडं गेल्यावर सुभेदारांनी एका ढाब्याशी गाडी लावली. 'हितंच,' ते म्हणाले. आक्का उतरल्या आणि तिथल्या धुळीत, डिझेलच्या धुरात, मटणाच्या रश्शाच्या वासात उभं राहून त्यांनी हाक मारली. 'मुनीम! बारप्पा, बारो!' ड्रायव्हर लोक खाटांवरून उठून बघायला लागले. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, 'राखाडी बोका व्हय? मागं भांडी घासतात तिथं असतोय की. लई गोड जनावर हाय.'

आम्ही वळसा घालून मागं गेलो. मुनीम होता. पुढचे दोन पाय नीट जुळवून, डोळे मिटून, कोंबडीची तंगडी चघळत होता. आवाज येत होता.

सुभेदारांनी ते माझ्याआधी पाहिलं. इतक्या महिन्यांच्या वादाचा निकाल तिथं, भांड्यांच्या ढिगाशेजारी, त्यांच्या बाजूनं लागला होता. आणि या माणसानं काय करावं? ते चटकन आक्कांच्या पुढं जाऊन उभे राहिले, दोन्ही हात जरासे फाकवून, मागचं काही दिसू नये असे. 'आक्का, तुम्ही गाडीत बसा. लई ऊन हाय. मी घेऊन येतो त्याला.'

'सरका, सुभेदार.'

'आक्का, ऐका माझं.'

'मला दिसलंय,' आक्का म्हणाल्या. 'सरका.'

ते सरकले. आक्का त्या खरकट्या पाण्यातून, हाडं तुडवत पुढं गेल्या. आवाज ओळखून मुनीम उठला आणि तंगडी तोंडात धरूनच त्यांच्याकडं धावला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांनी त्याला तंगडीसकट उचलून छातीशी धरलं होतं आणि त्याच्या डोक्यावर गाल टेकवून त्या कन्नडात काहीतरी पुटपुटत होत्या. पांढऱ्या लुगड्यावर तेलाचा लाल डाग पसरत चालला होता. बऱ्याच वेळानं त्यांनी त्याच्या तोंडातलं हाड हळूच काढलं, खाली ठेवलं, आणि ढाबेवाल्याकडं हात धुवायला पाणी मागितलं.

परत येताना सुभेदार सारखे पश्चिमेकडं बघत होते. ऊन उतरलं होतं. निपाणीत शिरताच त्यांनी गाडी अशी थांबवली की माझं डोकं काचेवर आपटलं. उतरून ते धावत गेले आणि केळी घेऊन आले. 'खावा, आक्का. दिवस बुडायला आलाय.' एक केळं त्यांनी स्वतः सोलून मागं दिलं. आक्कांनी ते घेतलं. अर्धं खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, 'ते पाखरू ह्यानंच मारलं.'

'व्हय.'

'तुम्ही ताटात आणून दाखवलंसा.'

सुभेदारांनी गाडी चालू केली. 'तुम्हाला न विचारता मी त्याला न्यायला नको होतं.'

'नको होतं,' आक्का म्हणाल्या, आणि उरलेलं केळं खाल्लं.

आता त्यांच्या व्हरांड्याला बारीक जाळी आहे. ती सुभेदारांनीच उभं राहून बसवून घेतली. पिल्लांच्या दिवसांत मांजरं आतच असतात. ती रडतात, जाळी ओरबाडतात, आक्कांच्या हातावर ओरखडे काढतात, तरी त्या दार उघडत नाहीत. भांडण मिटलं. सगळं मनासारखं झालं म्हणायला हवं.

पण आक्का कुणाला काही सांगेनाशा झाल्या. रिक्षावाला एकदा त्यांच्या दारातच पचकन थुंकला आणि त्यानं घाबरून वर बघितलं, तर त्या तुळशीची पानं खुडत होत्या. समोरची सून भांडायला निघाली तर आता मध्ये कुणी 'गं पोरी' म्हणत नाही, आणि भांडण बिचारीला शेवटपर्यंत न्यावं लागतं.

हे सुभेदारांच्याही लक्षात आलं असावं. परवा सकाळी बघतो तर काय, त्यांनी व्हॅन आपल्या दारातून काढून थेट आक्कांच्या फाटकाला आडवी लावली होती आणि रेडिओ मोठ्यानं लावून, बनियनवर, ते ती धूत होते. साबणाचा फेस आक्कांच्या रांगोळीवरून वाहत होता. असला गलथानपणा त्या माणसानं जन्मात केला नसेल. धुता धुता त्यांचं सगळं लक्ष दाराकडं होतं. शेवटी आक्का बाहेर आल्या. त्यांनी व्हॅनकडं बघितलं, वाहून चाललेल्या रांगोळीकडं बघितलं. सुभेदार फडकं हातात घेऊन वाट बघत उभे राहिले.

'सावकाश धुवा हो,' आक्का म्हणाल्या. 'मला काय कुठं जायचं न्हाय.'

आणि त्या आत गेल्या. सुभेदारांनी रेडिओ बंद केला.