तीन मोटरी आणि एक शिट्टी

मंडळी, वीज कमी दाबानं आली तरी मोटर चालावी म्हणून मी पीएचडीसाठी कन्व्हर्टर बनवतेय. सांगलीच्या लॅबमध्ये तो झकास चालला. आज जतजवळच्या वस्तीवर तीन विहिरींवर तीन बसवले.

लाईट आली. तिन्ही मोटरी एकदम सुरू झाल्या, व्होल्टेज कोसळलं, तिन्ही बंद. बंद पडलं की दहा सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायचं, हे कन्व्हर्टरना मीच शिकवलेलं. तिघंही आज्ञाधारक! चार वेळा तेच.

एका विहिरीचे मालक, तुकाराममामा, शांतपणे म्हणाले, "आवं मॅडम, आमी एकदम बटण दाबतच न्हाई. पयल्याचं पाणी पडाय लागलं की त्यो शिट्टी मारतो. मग दुसरा."

मी तिन्ही कन्व्हर्टरच्या सुरू व्हायच्या वेळा वेगवेगळ्या केल्या. पाणी सुरू झालं.

आता सांगा, प्रबंधात शिट्टीचा संदर्भ कसा देतात?