पळीतलं एरंडेल

माझा नवरा मंगरूळपीरला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो आणि घरी आला की हातभर लांबीच्या एका गाडीशी झटतो. तिला खेळणं म्हटलेलं त्याला चालत नाही. तिच्यात आवळ्याएवढं खरं इंजिन आहे. दोरी ओढली की ते असं किंचाळतं की गल्लीतली कुत्री पळतात.

या इंजिनांचा इतिहास मी जेवताना इतक्यांदा ऐकला आहे की आता मलाही पाठ आहे. आधी त्यांना मोठ्या गाडीसारखी ठिणगी लागायची. तिच्यासाठी बॅटरी आणि कॉइल न्यावी लागे आणि त्या ओझ्याने छोटी विमानं उडायला कुरकुरत. मग प्लॅटिनमच्या तारेचा ग्लो प्लग निघाला. एकदा तापवला की मेथॅनॉलच्या इंधनावर तार आपोआप लाल राहते, बॅटरी काढून घ्यायची. जोर वाढावा म्हणून नायट्रो आणि झीज होऊ नये म्हणून एरंडेल. विमानांतून हे इंजिन होड्यांत गेलं, होड्यांतून मोटारींत. आता सगळे चार्जिंगच्या गाड्या घेतात. आमच्याकडे मात्र जुनंच इंजिन, आणि त्याला एरंडेल जास्त लागतं म्हणून नवरा नागपूरहून आणलेल्या इंधनात ते आणखी मिसळतो.

इंधनाचा डबा गळायला लागला तेव्हा त्याने ते पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि बाटली मोरीतल्या फळीवर एरंडेलाच्या बाटलीशेजारी ठेवली. सासूबाईंनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "एरंडेलच आहे माय, गाडीचं."

मला हे वाक्य नंतर कळलं. रविवारी सकाळी मी धुणं टाकून आत आले तर सासूबाई चहा संपवून पोटावर हात फिरवत बसल्या होत्या.

"एरंडेल घेतलं वं. पोट लय जड झालं होतं."

"कोणत्या बाटलीतलं, आत्याबाई?"

"फळीवरच्या."

"फळीवर दोन आहेत."

"मंग काय झालं? दोन्हीत एरंडेलच आहे म्हने तो."

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि मोरीत उजेड नाही. मी दोन्ही बाटल्या उघडल्या, हुंगल्या. दोन्ही अर्ध्या होत्या, त्यामुळे कोणतीतून घेतलं ते कळेना. डब्यावर काय लिहिलं होतं ते मी पूर्वीच वाचलं होतं. मेथॅनॉल पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतोही, आणि सुरुवातीला काहीच लक्षण दिसत नाही. म्हणजे सासूबाई ठणठणीत आहेत याला काही अर्थ नव्हता. मी नवऱ्याला दुकानातून बोलावलं, बाटल्या पिशवीत घातल्या आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी किती घेतलं, कधी घेतलं ते विचारलं आणि सलाइन लावलं. ही तपासणी इथे होत नाही, म्हणाले, अकोल्याला न्यायचं तर आत्ताच निघा. नवरा भिंतीला टेकून उभा होता. सासूबाई रागावल्या होत्या.

"जुलाबाच्या औषधासाठी अकोल्याले? लोक हासतीन."

"समोरच्या पाटीवर काय लिहिलं आहे?" मी विचारलं.

"तुले वाचता येत नाई काय?"

तेवढ्यात त्यांना संडासला जायची घाई झाली. परत आणून बसवलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला होता. "लागू पडलं. म्हणजे एरंडेलच होतं."

"तुमच्या इंधनातही एरंडेल आहे," मी म्हटलं. "तुम्हीच घातलं आहे."

मी अकोल्याला जायला गाडी ठरवायला बाहेर निघाले. मागे सासूबाई त्याच्यावर करवादत होत्या.

"मले काय आज शिकवता? थंडं एरंडेल कोनी घेते का? पळीत धरलं, गॅसवर कोमट केलं, मंग चहात टाकलं."

मी दारातूनच परतले. नवराही त्यांच्याकडे बघत होता.

"पळी पेटली नाही, माय?"

"पेटीन कायले? एरंडेल आहे का रॉकेल?"

इंधन असतं तर गॅसजवळ नेताच भडकलं असतं. पण मेथॅनॉलची ज्योत उजेडात धड दिसत नाही, हेही मला जेवतानाच कळलं होतं. मी त्यांचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. भाजल्याची खूण नव्हती. मनगटावरचे केसही शाबूत होते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. पटतं, म्हणाले, पण पळीवर विसंबून मी घरी सोडणार नाही. अकोल्याला फोन करून त्यांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सासूबाईंना आपल्याच दवाखान्यात ठेवून घेतलं. पाटी, पंख्याची पाती, माझी बोटं, सगळं दाखवून झालं. सासूबाई शेवटी डोळे मिटूनच उत्तरं द्यायला लागल्या. त्यामुळे माझा जीव आणखी खालीवर व्हायचा.

त्यांना काही झालं नाही. इंधन आता दुकानात, पत्र्याच्या डब्यात, कुलपात असतं. चार्जिंगची गाडी घेऊ का, असं नवऱ्याने एकदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "घे बापा. विजेले तरी कोनी एरंडेल म्हननार नाई."

मी अजून सकाळी चहा देताना त्यांना कॅलेंडरवरची तारीख विचारते. त्या न बघताच बरोबर सांगतात. म्हणून आता मी माझ्या साडीचा रंग विचारते.