न पुसायची काच

सौरऊर्जेवर संशोधन करते म्हटलं की लोकांना वाटतं, मी पांढरा कोट घालून कुठल्यातरी थंडगार प्रयोगशाळेत बसते. डोंबल! माझी प्रयोगशाळा म्हणजे साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या घराची गच्ची. एका कोपऱ्यात वाळत घातलेल्या मूगवड्या, दुसऱ्या कोपऱ्यात दोन सोलर प्लेटा.

प्रयोग साधा. इकडच्या धुळीनं वीज किती घटते ते मोजायचं. एका प्लेटची काच रोज नऊ वाजता ओल्या फडक्यानं पुसायची, दुसरीची कधीच पुसायची नाही. साडेनवाला दोन्हींचं व्होल्टेज, करंट वहीत लिहायचं, डबा उचलायचा आणि तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला एसटी गाठायची. बारा वर्षं झाली या तत्त्वावर. पीएचडीशिवाय कायमची जागा नाही, आणि पीएचडीला मिळालेली ही मुदतवाढ शेवटची. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस थकतो, पण हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, मग सोडून दे ना.

तसं न म्हणणारं माणूस घरात एकच, माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते. शाळा चौथीपर्यंत, पुढं जन्मभर शेती. लग्नानंतर मी एमएस्सी करायचं म्हणाले तेव्हा भावकीनं नाकं मुरडली, आणि हे मला परीक्षेच्या दिवशी स्टँडवर सोडायला यायचे. सून डॉक्टर होऊन राह्यली म्हणून पारावर सांगत सुटतात. मग पारावरची म्हातारी मंडळी घरी येऊन मला गुडघेदुखीची गोळी विचारतात.

दिवाळीनंतर मी आकडे घ्यायला लागले. महिना गेला, दोन गेले, दोन्ही प्लेटांचे आकडे सारखेच. न पुसलेली काच लख्ख! गावात तुरीची मळणी चाललेली, भुसकटानं दोरीवरचं धुणं भरतंय, आणि माझ्या काचेवर कण नाही. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी उत्तर सुचलं ते दव. रात्री दव पडतं, उतरत्या काचेवरून ओघळतं आणि धूळ घेऊन जातं. मार्गदर्शक सर खूश झाले. मीही उत्साहानं दवावर चाळीस पानांचं प्रकरण लिहून काढलं, आलेखबिलेख सगळं.

फेब्रुवारी सरला, थंडी गेली, दव पडेनासं झालं. काच तरी लख्खच. मग एका सकाळी, उजाडता उजाडता, कणीक अर्धी मळलेली टाकून मी गच्चीवर गेले.

मामाजी आंघोळ करून पूर्वेकडं तोंड करून उभे होते. सूर्य वर आला तसं त्यांनी तांब्याच्या लोट्यातलं पाणी सोडलं, ते थेट माझ्या न पुसायच्या काचेवर. मग ओल्या काचेवरून हात फिरवून तो कपाळाला लावला आणि खांद्यावरच्या पंचानं काच नीट कोरडी केली.

हे कधीपासून, मी विचारलं. तर प्लेटा मांडल्या त्या दिवसापासून. सूर्याला दिलेलं पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते काचेवर सोडायचं. एक काच मी रोज पुसते, दुसरीला कुणी विचारत नाही, म्हणून त्यांनी हीच निवडली.

"पण काऊन, मामाजी?"

"तुयासाठीच त देऊन राह्यलो, बाई. तू डॉक्टर होईस्तोवर रोज पानी देईन, असं कबूल केलं सूर्याले."

मला भयंकर राग आला. चार महिन्यांची मेहनत, चाळीस पानं, सगळं मुसळ केरात. ओरडावं तर कुणावर? काच नाजूक आहे, उद्यापासून खाली तुळशीत पाणी द्या, एवढंच मी म्हणाले. काही बिघडलं तर नाही ना, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या वातड झाल्या की नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, दवाचं प्रकरण राहू द्या, तुमच्या गच्चीवर बघायला कोण येणार आहे? खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी ते राहू दिलं. पण आलेख उघडला की मामाजींचा ओला हात दिसायचा. तिसऱ्या दिवशी ते प्रकरण काढून टाकलं आणि नवी वही घातली. पाऊस यायच्या आत तीन महिन्यांचे आकडे मिळाले तर मिळाले.

काच मळायला लागली, आकडे उतरायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. पण एकदा लक्षात आलं, सकाळी तुळशीपाशीही पाणी पडत नाही. लोटा देवघरात पालथा. मामाजींना विचारलं.

"माह्या पान्यानंच तुयं काम बिघडलं, हे समजलं मले. चौथी शिकलो, पन येडा नाई. सूर्याले सांगून देलं, पोरगी डॉक्टर झाली का राह्यलेलं सारं पानी एकदमच देतो. तवरिक थांब म्हनलं त्याले."

आता रोज साडेनवाला ते जिना चढून वर येतात. हात मागे बांधून काचेवरची धूळ बघतात, बोट लावत नाहीत. आज किती घटलं, म्हणतात. मी सांगते. जास्त घटलं असेल तर समाधानानं मान हलवतात.

जूनमध्ये प्रबंध जमा होईल. मग परीक्षक, मग तोंडी परीक्षा. विद्यापीठ वर्ष लावेल, दीडही लावेल. मामाजी ऐंशीला टेकलेत, जिना चढताना मध्ये दोनदा बसतात. फार वाटतं, त्यांना म्हणावं, मामाजी, तुम्ही पण थांबा. पण सासऱ्यांना असं कोण म्हणतं? मी आकडा वहीत लिहिते, डबा उचलते आणि एसटीसाठी पळते.