जास्वंदीवरचा कापूस

“वरनं काय बघताव भाऊ? पान उलटं करा की.”

आमच्या शेजारच्या अक्कांचं बोलणं बहुधा इथूनच सुरू व्हायचं. नमस्कार-चमत्कार नंतर. सत्यनारायणाला बोलावलं तरी त्या आधी दारातल्या कुंडीशी वाकणार, पानाची पाठ अंगठ्यानं चाचपणार आणि आतल्या यजमानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार, “मावा पडलाय. साबण लावा.” एकदा एका लग्नात त्या नवरा-नवरीच्या मागं मांडलेल्या क्रोटनची पानं उलटी करून बघत होत्या आणि आहेराची रांग खोळंबली होती. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना हसतो, आणि आपल्या गुलाबाला काही झालं की पहिली कडी त्यांच्याच दाराची वाजवतो.

अक्कांचं माहेर वळसंगचं. घरात कन्नड, दारात मराठी आणि किडीशी बोलताना दोन्ही. “साकु, साकु, लई खाल्लं,” असं म्हणत त्या माव्याला दटावायच्या. साकु म्हणजे पुरे. दुकानातली जहाल औषधं त्यांना चालत नसत. साबणाच्या पाण्यात थोडं कडुलिंबाचं तेल घालायचं आणि ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारायचं, ही त्यांची रीत. सोलापूरच्या दुपारी फवारलं तर पानं करपतात, हे त्यांनी मला माझी शेवंती करपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हे सगळं त्या एका झाडापायी शिकल्या होत्या. त्यांच्या खिडकीबाहेरची तांबडी जास्वंद. त्यांचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात होते तेव्हा त्यांनी कुठूनशी फांदी आणून लावलेली. पुढं यजमानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पलंग खिडकीशी सरकवला. रोज सकाळी अक्का फूल तोडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि ते डाव्या हाताचं एक बोट उचलायचे. दिवसभरात त्यांची हालचाल तेवढीच. “वळकत्यात की मला,” अक्का सांगायच्या. आम्ही ‘हो तर’ म्हणायचो. ते अक्कांना ओळखतात की फुलाला, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

त्या जास्वंदीला कापूस लागला. पिठ्या ढेकूण म्हणतात त्याला. फांदीच्या बेचक्यात पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसतं आणि पानं चिकट होतात. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळू लागल्या. यजमानांच्या पाठीला चोळायला स्पिरिट आणलेलं असे. अक्का आधी त्यांची पाठ चोळायच्या, मग त्याच बाटलीतल्या स्पिरिटचा नवा बोळा करून एकेक ढेकूण टिपायच्या. जुन्या टूथब्रशनं खोड घासायच्या, बरबटलेल्या फांद्या छाटून पिशवीत बांधायच्या. थोडे दिवस बरे जात, की कापूस परत हजर. फुलं बंद झाली आणि पलंगावरचं बोटही हलेना.

“झाड न्हाय ओ भाऊ, माझा माणूस चाललाय,” एकदा फाटकाशी त्या म्हणाल्या.

आता यातली गंमत बघा, तिला गंमत म्हणायचं असेल तर. अक्कलकोटकडच्या नणंदेनं अक्कांना एक नवस सांगितला होता. मालक बोलेपर्यंत रोज फुलझाडाच्या बुडाशी मुंग्यांना साखर घालायची. मुक्या जिवाला घास दिला की मुक्याला वाचा येते म्हणे. अक्का जास्वंदीपाशी साखर घालायच्या. साऱ्या गल्लीची पानं उलटी करणाऱ्या या बाईला आपल्याच झाडाच्या बुडाशी काय चाललंय ते दिसलं नाही, कारण तिथं त्या डोळे मिटून, हात जोडून उभ्या असायच्या.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. साखरेवरून मुंग्यांची रांग खोडावर चढत होती. वर त्या ढेकणांचा गोड चिकटा पीत होत्या, आणि ढेकूण खायला आलेल्या ढालकिड्याला हुसकून लावत होत्या. एका मुंगीनं तर ढेकणाचं इवलं पिल्लू तोंडात धरून नव्या फुटव्याकडं नेलं.

“मीच पोसल्या की ह्या,” अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, साखर मागच्या भिंतीशी घाला, देव काय मोजपट्टी घेऊन येतोय?

“नवस हितं बोललाय. जागा कशी बदलू?”

बरेच दिवस त्या साखर मुठीत घेऊन झाडापाशी नुसत्याच उभ्या राहायच्या आणि शेवटी घालायच्याच. मग एक दिवस त्यांनी साखर बंद केली. खोडाला ग्रीस माखलेलं फडकं बांधलं. मुंग्या हटल्या, ढालकिडे टिकले, कापूस कमी झाला. बारीक कळ्या धरल्या. त्या कळ्या मला दाखवताना अक्का हसल्या होत्या.

कळ्या मिटलेल्या असतानाच यजमान गेले. छातीत कफ झाला होता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. माती देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी जास्वंद फुलांनी भरली होती. मला त्या झाडाचा इतका संताप आला की मी खिडकी लावून घेतली.

“मुक्यांच्या तोंडातला घास काढला मी,” अक्का म्हणायच्या. “पाप लागलं.”

कफ, वय, डॉक्टर, सगळं सांगून झालं. त्या नीट ऐकून घ्यायच्या आणि “व्हय” म्हणायच्या.

त्यांनी फडकं सोडलं. साखर पुन्हा सुरू झाली, कापूस पुन्हा आला. मी ब्रश घेऊन गेलो तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. खाऊ द्यात त्यांना.” आमच्या दारातल्या कुंड्यांवरून त्या आता सरळ निघून जायच्या. जास्वंद पांढरी होत होत वाळून काटकी झाली.

मग वळसंगहून त्यांचा भाचा गाडी घेऊन आला. सामान चढलं. अक्का मात्र साखरेचा डबा घेऊन झाडाकडं गेल्या आणि सगळा डबा त्यांनी त्या वाळक्या खोडाशी उपडा केला.

“अक्का, आता कशाला?” मी म्हणालो. खरं तर ओरडलोच. “गेले ते!”

“गेले, व्हय,” त्या म्हणाल्या. “पन नवस बोलंपर्यंतचा हाय की भाऊ. कुटं बोलले अजून?”