हेडमास्तरांचा अर्धा ज्वालामुखी

आमच्या हेडमास्तरांनी जन्मात एकही धडा एका दिवसात पुरा केला नाही, आणि तरी त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चाकणच्या रानातली आमची शाळा दोन मास्तरांची. एक ते आणि दुसरा मी. धडा ऐन रंगात आला की ते खडू ठेवत, टोपी उचलत आणि गंभीरपणे म्हणत, "राहिलेलं उद्या." मी एकदा कारण विचारलं. "अहो, सगळं सांगितलं तर पोरं उद्या गुरांमागं जातील. अर्धं पोटात राहिलं की पाय आपसूक शाळेकडं वळतात." खरंच, सुगीतही आमचे वर्ग भरलेले असत.

एका शनिवारी त्यांनी ओसरीवर चूल मांडून पिठलं शिजत ठेवलं, वर घट्ट झाकण. "जमिनीच्या पोटात खोलवर इतकी उष्णता असते की खडकाचा रस होतो. त्यात वायू कोंडतात. रस वर चढतो, भेग सापडली की उसळतो." इतक्यात झाकण उडालं आणि पिठल्याचा गोळा त्यांच्या धोतरावर पडला. ते जागचे हलले नाहीत. "हा उद्रेक. सांडलेला रस निवून दगड होतो, थरावर थर साचून डोंगर होतो. आपल्या गावाखालचा काळा पाषाणही त्या आगीतूनच आलेला." एवढं बोलून टोपी उचलली. मध्ये रविवार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

गावची विहीर त्या वर्षी आटली होती. बायका कोसभरावरून पाणी आणत. नव्या विहिरीला काळा पाषाण लागला होता, भोकं पाडून झाली होती, सोमवारी सुरुंग भरायचा होता. पण रविवारभर पोरांनी घरोघर अर्धा ज्वालामुखी सांगितला होता. सोमवारी कामाला कोणी हात लावेना. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात जोडले. "गुरुजी, खाली आग हाय म्हनं. तिचं झाकान आमी न्हाई उडवनार."

कोणी हसलं नाही. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "चूक माझी आहे," एवढंच मला म्हणाले आणि दोर धरून विहिरीत उतरले. तळाच्या दगडावर त्यांनी गाल टेकला. "याला निवून युगं लोटली, बाबा. आग आता फार खोल, आपला सुरुंग तिथवर पोचायचा नाही. हा गार हाय." म्हातारा स्वतः उतरून दगडाला हात लावीपर्यंत ते वर आले नाहीत. सुरुंग उडाला, आठवड्यानं पाणी लागलं. त्या दिवशी ते ओंजळीत तोंड लपवून रडले, हे मी पाहिलं.

सवय मात्र गेली नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. शेवटच्या तासाला त्यांनी पुन्हा ज्वालामुखीच घेतला. तो पाषाण झिजून काळी माती कशी होते, तिच्यात ज्वारी कशी पिकते, इथपर्यंत आणला. घंटा झाली तरी टोपी खुंटीवरच.

"झाला धडा," ते म्हणाले.

पहिल्या ओळीतली पोर उठली. "गुरुजी, मंग उद्याला काय?"

त्यांनी हातातला खडू तिच्या तळव्यावर ठेवला. पोरं काय ते समजली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.